चिंध्यांचा कोट

आज एका गाण्याची गोष्ट. अमेरिकेतल्या टेनेसीच्या डोंगराळ भागात डॉली पार्टन या गायिका वाढल्या. भावंडं बारा. यांच्या जन्माच्या वेळी डॉक्टरला द्यायला पैसे नव्हते, वडिलांनी मक्याच्या पिठाचं पोतं दिलं. आईने चिंध्या जोडून लेकीला कोट शिवला, शिवताना बायबलमधल्या योसेफाच्या रंगीत अंगरख्याची गोष्ट सांगितली. पोर मिरवत शाळेत गेली. मुलं हसली.

१९६९ मध्ये प्रवासात हे गाणं सुचलं. कागद नव्हता, म्हणून ड्रायक्लीनिंगच्या पावतीमागे लिहिलं. (आपणही हिशोब असाच लिहितो ना!) १९७१ मध्ये ‘कोट ऑफ मेनी कलर्स’ हा अल्बम आला. दहापैकी सात गाणी बाईंनी स्वतः लिहिलेली.

खरं सांगायचं तर आम्हीही हसलो होतो. गटातल्या एका ताईंनी लेकीला जुन्या लुगड्याचं दप्तर शिवलं. आम्ही म्हटलं, ‘अगं, बाजारात स्वस्तात मिळतं की!’ पुन्हा ते दप्तर दिसलं नाही. गाण्याचा अर्थ समजला, तेव्हा ते आठवलं. ताईंशी अजून बोललो नाही. मंगळवारच्या बैठकीत बोलणार आहोत.