वारली संस्कृतीची नोंद : चित्राबरोबर शब्दही हवेत



सुरतेच्या कापडबाजारात वारली चित्रांच्या छापाच्या साड्या मिळतात. दोन त्रिकोण जोडून काढलेली माणसे, मध्यभागी तारपा वाजविणारा आणि त्याच्याभोवती फेर धरणारी नर्तकांची रांग, ही आकृती आता शहरांतून सर्वांच्या परिचयाची झाली आहे. परंतु ती ज्या भिंतीवरून आली, त्या भिंतीपुढे कोणती गाणी गायिली जात आणि ती कोण गाई, हे साडी नेसणारीस सहसा ठाऊक नसते. वारली संस्कृतीच्या नोंदीचा खरा प्रश्न येथूनच सुरू होतो.

सुरतेचा वारली समाजाशी असलेला संबंध केवळ बाजारापुरता नाही. १ मे १९६० रोजी मुंबई राज्याचे विभाजन झाले, तेव्हा ठाणे जिल्ह्याच्या उंबरगाव तालुक्यातील अनेक गावे गुजरातेत जाऊन सुरत जिल्ह्यास जोडली गेली. पुढे वलसाड हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि ती गावे त्यात आली. तलासरीचा भाग मात्र महाराष्ट्रात राहिला. वारल्यांचे पाडे सीमेच्या दोन्ही अंगांना आहेत. एकीकडची मुले मराठी अक्षरे गिरवितात, दुसरीकडची गुजराती. ग्रिअर्सन यांच्या भाषासर्वेक्षणाने १९०५ मध्ये वारली बोलीचा समावेश मराठीच्या खंडात केला होता. आज त्याच बोलीतील गाणे दोन लिप्यांत लिहिले जाते आणि दोन राज्यांच्या दप्तरांत विभागले जाते.

आजवर झालेले कार्य मोलाचे आहे. के. जे. सावे यांचा वारल्यांवरील ग्रंथ १९४५ मध्ये प्रसिद्ध झाला. १९७० नंतरच्या वर्षांत भास्कर कुलकर्णी या चित्रकाराने डहाणू परिसरातील पाड्यांवर राहून ही कला बाहेरच्या जगापुढे आणली. गंजाड येथील जिव्या सोमा म्हसे यांना १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार आणि २०११ मध्ये पद्मश्री हा सन्मान लाभला. २०१८ मध्ये ते निवर्तले. यशोधरा डालमिया यांचा चित्रकलेवरील ग्रंथ १९८८ मध्ये निघाला, तर कविता महाजन यांनी वारली लोकगीतांचा संग्रह सिद्ध केला. तरीही चित्रास जी कीर्ती लाभली, ती गीतास लाभलेली नाही.

वस्तुतः ही दोन्ही एकमेकांपासून वेगळी करता येत नाहीत. कुडाची भिंत शेणामातीने लिंपून, गेरूने सारवून, तीवर तांदळाच्या पिठाने सवाशिणी लग्नाचा चौक लिहितात. मध्यभागी पालघट देवी असते. शेजारच्या लहान चौकात पंचशिऱ्या देव असतो. धवलेरी ही लग्नविधी चालविणारी स्त्री. तिच्या गाण्यांवाचून लग्न पुरे होत नाही. त्याचप्रमाणे धान्याची देवता असलेल्या कणसरीची कथा भगत घांगळीच्या साथीवर सांगतो. चौकाचे छायाचित्र घेतले आणि गाणे टिपले नाही, तर देवीचे रूप उरेल. तिला केलेले आवाहन मात्र हरपेल. भिंत पुन्हा लिंपता येते. वृद्ध धवलेरीच्या कंठातील गाणे तिच्याबरोबर गेले, तर ते परत मिळविण्याचा मार्ग नाही.

म्हणून या कार्यात प्रत्येकाने आपला वाटा उचलणे अगत्याचे आहे. शिक्षकांनी गाणे जसे ऐकले तसेच लिहावे. कणसरीच्या जागी अन्नपूर्णा लिहिणे ही सुधारणा नव्हे. त्याने एक देवता नोंदीतून पुसली जाते. गाव, पाडा, तिथी, प्रसंग आणि गाणारीच्या संमतीने तिचे नाव, एवढे तपशील प्रत्येक नोंदीत असावेत. अर्थ तिने सांगितला तसा द्यावा. आपला तर्क असल्यास तो निराळा मांडावा. जे विधी परक्यांस दाखवावयाचे नाहीत असे समाज सांगेल, तेथे यंत्र बंद ठेवावे.

अधिकाऱ्यांनी सीमेपलीकडील नोंदी मागवून घ्याव्यात आणि आपल्या तिकडे पाठवाव्यात. एकाच गाण्याचे देवनागरी व गुजराती पाठ शेजारी शेजारी ठेवले, म्हणजे एका पाठात राहून गेलेले कडवे दुसऱ्यात सापडू शकेल. तयार झालेल्या नोंदीची एक प्रत त्या पाड्यावरील शाळेत राहिली पाहिजे. ती केवळ शहरातील संग्रहालयात ठेवल्यास ज्यांचे धन त्यांनाच त्याचे दर्शन दुर्लभ होईल.

ग्रामस्थांनी, विशेषतः सुशिक्षित वारली तरुणांनी, लेखणी स्वतःच्या हाती घ्यावी. आजी ज्या शब्दांत बोलते त्या शब्दांचा अर्थ नातवास जसा उमगेल, तसा बाहेरून आलेल्या अभ्यासकास क्वचितच उमगतो. येत्या लग्नसराईत घरी चौक लिहिला जाईल, तेव्हा त्याच्यापुढे एखादी वही उघडी असावी आणि तिच्यात पहिले नाव धवलेरीचे लिहिले जावे.