दोन स्टॅकांच्या गावी स्वागत



स्वागताध्यक्षाने जेवणाची वेळ सांगून बसावे, असा संकेत आहे. जेवण एक वाजता. पण आजचा विषय ब्राउझरमध्ये चालणाऱ्या सी आणि सी++ कोडमधला स्टॅक ओव्हरफ्लो. त्यावर बोलल्यावाचून मला राहवत नाही.

२०१७ साली चारही मोठ्या ब्राउझरांत वेबअसेंब्ली आली आणि डेस्कटॉपवरचा जुना कोड आपण एमस्क्रिप्टनने कंपाइल करून तिथे नेऊ लागलो. तिथे स्टॅक दोन असतात, हे मात्र अनेकांच्या गावीही नसते. एक ब्राउझरच्या इंजिनचा. रिकर्शन थांबेना झाले की तो भरतो आणि तसे सांगतो: क्रोममध्ये ‘मॅक्सिमम कॉल स्टॅक साइज एक्सीडेड’, फायरफॉक्समध्ये ‘टू मच रिकर्शन’. भांडखोर, पण प्रामाणिक!

दुसरा प्रोग्रामच्या मेमरीतला. ज्यांचा पत्ता घेतला जातो ते लोकल व्हेरिएबल आणि मोठे ॲरे इथे राहतात. इथे गार्ड पेज नाही. मांडणी प्रतिकूल असेल, तर भरलेला स्टॅक शेजारच्या ग्लोबल डेटावर मुकाट लिहीत सुटतो, आणि प्रोग्राम मरतो तो भलत्याच फंक्शनात. त्यातच २०२२ साली एमस्क्रिप्टनने या दुसऱ्या स्टॅकचा डिफॉल्ट आकार ५ एमबीवरून ६४ केबीवर आणला. फंक्शनात लाखभर बाइटचा बफर ठेवणारा कोड तोवर सुखाने चालत होता.

अशा वेळी ‘स्टॅक साइज वाढवा’ हा सल्ला लगेच मिळतो. मला तो आवडत नाही. त्याने पहिल्या स्टॅकला फरक पडत नाही, आणि दुसऱ्यातही खरा दोषी लपतो. आधी एमस्क्रिप्टनची ‘स्टॅक ओव्हरफ्लो चेक’ ही सेटिंग २ वर ठेवा. १ वर फक्त टोकाला ठेवलेली खूण अधूनमधून तपासली जाते. मोठा ॲरे तिला न शिवता पलीकडे जाऊ शकतो. २ वर स्टॅक पॉइंटर हलताना तपासणी होते. वेग घटतो, घटू द्या. फंक्शनांची नावेही राखा, नाहीतर ट्रेसमध्ये नुसते आकडे दिसतात. आणि ऑप्टिमायझेशन बंद असलेल्या बिल्डमध्ये बहुतेक सगळे लोकल या दुसऱ्या स्टॅकवर येतात. त्यामुळे रिलीजमध्ये न दिसलेला ओव्हरफ्लो तिथेच दिसला, तर कंपायलरला शिव्या देऊ नका.

दुपारच्या सत्रात आपापले कोसळणारे बिल्ड उघडून बसायचे आहे. ज्यांनी सोर्स आणलेला नाही, त्यांनी आत्ताच घरी फोन लावावा.