वर येण्याची विद्या
(तिलवारा येथील सुवर्णमहोत्सवी सभेत केलेले भाषण)



तरुण सभासदांना व्यवसायाविषयी चार शब्द सांगावेत, अशी मंडळाची आज्ञा झाली. डॉक्टर, इंजिनियर, बँक आणि स्पर्धापरीक्षा यांविषयी आपल्या घरांत पुरेसे बोलले जाते. म्हणून नर्मदेच्या या काठी आम्ही निराळा विषय निवडला आहे : व्यावसायिक पाणबुड्याचा.

घाटावर नाण्यांसाठी बुड्या मारणारी मुले आपण पाहतो; कोणी बुडाले की धावून जाणारे गोताखोरही पाहतो. त्यांच्या धैर्याविषयी आम्हांस नितांत आदर आहे. परंतु एका श्वासावर बुडी मारणे निराळे आणि पाण्याखाली तासभर राहून पाना चालवणे निराळे. धरणाचे दार, पुलाच्या खांबाचा पाया, जहाजाचा तळ, समुद्रतळावरील तेलवाहिनी यांची पाहणी आणि दुरुस्ती हे पाणबुड्याचे काम. पाण्यात उतरणे ही केवळ कामावर जाण्याची वाट. ज्याच्या हाती फिटरचे वा वेल्डरचे कसब आहे, त्याला येथे मान आहे.

ही वाट जाताना सोपी आणि येताना अवघड. दर १० मीटर खोलीला एका वातावरणाएवढा दाब वाढतो. त्या दाबाखाली श्वासातला नायट्रोजन रक्तात नि पेशींत मुरतो. माणूस झटकन वर आला, तर सोड्याची बाटली उघडावी तसे अंगात बुडबुडे उठतात. सांधे धरतात, प्रसंगी लकवा येतो, प्राणही जातो. जे. एस. हॉल्डेन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९०८ मध्ये टप्प्याटप्प्याने वर येण्याची कोष्टके प्रसिद्ध केली, तेव्हा या धंद्याला शास्त्राचा भक्कम आधार मिळाला.

आपल्या देशात या कामाला मोठे क्षेत्र लाभले, ते १९७४ मध्ये मुंबईच्या पश्चिमेस समुद्रात तेल सापडल्यावर. मुंबई हाय किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर, आणि तेथे पाणी सुमारे ७५ मीटर खोल. साध्या हवेवर ५० मीटरपलीकडे सहसा काम करीत नाहीत. पुढे हेलियम-ऑक्सिजनचे मिश्रण लागते. रोज दाब चढवणे-उतरवणे परवडत नाही, म्हणून पाणबुडे जहाजावरील पोलादी दाबकोठीत कधी चार-चार आठवडे राहतात. तेथेच जेवतात, झोपतात आणि ‘बेल’ नावाच्या बंद घंटेतून कामावर उतरतात. काम संपल्यावर दाब उतरवायला तीन-चार दिवस लागतात. तोवर दार उघडता येत नाही.

२७ जुलै २००५ रोजी ‘समुद्र सुरक्षा’ हे जहाज तेथील तेलफलाटावर आदळले, आग भडकली आणि २२ माणसे दगावली. त्या जहाजाच्या दाबकोठीत सहा पाणबुडे होते. इतरांना जहाज सोडता आले, यांना आले नाही. सुमारे ३६ तासांनी त्यांची सुटका झाली.

तेव्हा आपला मुलगा हा मार्ग धरू म्हणाला, तर आपण काय करावे? ‘पाण्याशी खेळ नको’ म्हणून विषय संपवू नये, आणि मिळकतीचे आकडे ऐकून भुलूही नये. विचारावे : संस्थेचा दाखला काम देणाऱ्या कंपन्या मानतात काय? सहलीतल्या बुडीचा दाखला येथे चालत नाही. कान, फुप्फुसे, हृदय यांची तपासणी दरवर्षी होते काय? कामाच्या जागी दाबकोठी आणि राखीव पाणबुड्या तयार आहे काय? बरगीसारख्या धरणावर उतरायचे असेल, तर आधी पाण्याचा प्रवाह बंद केला आहे काय? चालू दाराजवळचा ओढ माणसाला जागीच खिळवतो. शिवाय पावसाळ्यात पश्चिम समुद्रातले काम बहुतांशी थांबते. मिळकत आठ महिन्यांची आणि खर्च बारा महिन्यांचा, हा हिशेब आम्हां पगारदारांना नवा आहे.

शेवटचे एकच. ‘आज मी उतरणार नाही’ असे म्हणण्याचा अधिकार पाणबुड्याला असतो. तो बजावून मुलगा घरी परतला, तर त्याला रोजी बुडाल्याचा टोमणा मिळू नये. ते ताट त्याच्यापुढे आनंदाने वाढण्याची ज्या घराची तयारी असेल, त्या घराने मुलाला खुशाल या वाटेला लावावे.