शॉवरची धार बारीक का येते?

शिरोळहून आम्ही बचत गटातल्या काही जणी बोलतोय. आजचा विषय न्हाणीघरातला आहे.

आमच्यातल्या एकीच्या सासूबाईंचे गुडघे धरलेत. वाकून बादलीतलं पाणी घेणं त्यांना जमत नाही. म्हणून घरी शॉवर बसवला, खाली स्टूल ठेवलं. पण स्लॅबवरच्या टाकीतून पाणी नुसतं ठिबकायचं, साबण निघायचा नाही. शेवटी सूनच तांब्यानं पाणी घालायची. आत्याबाई म्हणायच्या, "माझी आंघोळ मला करू दे गं."

घरात दोन उपाय निघाले. पंप आणायचा, नाहीतर टाकीखाली विटा रचायच्या. आम्ही म्हटलं, आधी पाणी कुठं अडतंय ते तर बघू.

शॉवरखाली १० लिटरची बादली लावली. भरायला ५ मिनिटं लागली. मग शॉवरचं तोंड काढून नुसत्या पाइपाखाली लावली, तर ३ मिनिटांत भरली. म्हणजे पाणी थोडं शॉवरात अडत होतं आणि थोडं पाइपात. ही परीक्षा तुम्हीही करा, खर्च काही नाही.

शॉवरची भोकं बोअरच्या पाण्याच्या क्षारानं बुजली होती. तोंड तासभर व्हिनेगरमध्ये बुडवून जुन्या टूथब्रशनं घासलं, भोकं सुईनं मोकळी केली. मग टाकीकडं वळलो. तळाला गाळ साठला होता आणि कॉक अर्धाच उघडा होता. पावसाळ्यात पंचगंगा-कृष्णेचं पाणी गढूळ येतं, त्यामुळं टाकी वरचेवर धुवायलाच हवी.

टाकीपासून खालपर्यंत सगळा पाइप अर्धा इंची होता, वर वळणंही सहा. प्लंबरकडून न्हाणीघरापर्यंत एक इंची पाइप टाकून घेतला, अर्धा इंची फक्त शेवटी ठेवला. वळणं कमी केली. पाइप मध्येच वर चढून खाली उतरत असेल तर तिथं हवा अडकते, तेही बघून घ्या.

आता उंचीचं गणित. टाकी मोठी घेतली म्हणून दाब वाढत नाही. पाणी शॉवरच्या किती वर आहे, त्यावर दाब ठरतो. ३३ फुटांना साधारण एक किलो दाब मिळतो. आपली टाकी शॉवरपेक्षा चार-पाच फूटच वर, म्हणजे दाब त्याच्या सातव्या हिश्श्याइतका. पण आत्याबाई तर बसूनच आंघोळ करतात! मग शॉवर डोक्यावर कशाला हवा? हातात धरायचा शॉवर आणून हूक तीन फूट खाली ठोकला. टाकी न हलवता तीन फूट उंची मिळाली. एवढं सगळं केल्यावर बादली दोन मिनिटांत भरली.

विटा रचू नका, बायांनो. ५०० लिटर पाण्याचं वजन ५०० किलो होतं. रचलेल्या विटा सरकल्या तर टाकी अंगणात खेळणाऱ्या पोरांवर येईल. उंच करायचीच असेल तर जाणत्या गवंड्याला स्लॅब दाखवून पक्का चौथरा बांधून घ्या.

एवढं करूनही धार येत नसेल, तर मग पंप. तो टाकीनंतरच्या लाइनवर बसवा, गावच्या नळाला लावू नका. तिथं ओढलेलं पाणी शेजारणीच्या वाट्याचं असतं. अर्थिंग नीट करून घ्या आणि पाणी उडेल अशा जागी पंप ठेवू नका. लाइट गेली तरी पाणी यावं म्हणून बाजूनं साधा पाइपही ठेवा.

आत्याबाई आता आतून कडी न लावता, पण एकट्या आंघोळ करतात. सून दाराबाहेर भाजी निवडत बसते. तुमच्या घरी कुणी असं बसून आंघोळ करत असेल, तर या रविवारी बादली लावून बघा आणि पुढच्या बैठकीत किती मिनिटं लागली ते सांगा. नमस्कार.