डॉजची मागची सीट
(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात 'आमची पहिली गाडी' या विषयावर केलेले भाषण)



माझ्या आधीच्या वक्त्यांनी फियाट, अ‍ॅम्बेसेडर, मारुती अशा आपापल्या पहिल्या गाडीच्या छान आठवणी सांगितल्या. माझी अडचण अशी आहे की, आमची पहिली गाडी आमची नव्हतीच. माझे वडील अकोल्याला एका जिनिंग फॅक्टरीच्या शेठजींकडे ड्रायव्हर होते. गाडी शेठजींची होती.

ती होती डॉज. वालचंद हिराचंद यांनी 1944 साली प्रीमियर कंपनी काढली. तिच्या मुंबईतल्या कुर्ल्याच्या कारखान्यात अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या गाड्या जोडल्या जात. त्यातलीच ही एक. सहा सिलिंडरचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यालाच गियर, आणि पुढे-मागे सोफ्यासारख्या सलग सीटा. तिघं पुढे, तिघं मागे, अगदी ऐसपैस. त्या काळी वऱ्हाडात अशी गाडी दारात दिसली की समजायचं, हे कापसाचं घर.

आम्ही फॅक्टरीच्या आवारातच एका खोलीत राहायचो. गाडी आमच्या दारापासून वीस पावलांवर उभी असे. बाबा रोज सकाळी ती धुवायचे, मी बादली धरायचो. पण आत बसायची सोय नव्हती. "गाडी मालकाची हाये. आपण राखणदार," एवढंच ते म्हणायचे. आणि ते स्वतःही कधी मागच्या सीटवर बसले नाहीत. साफ करायचे तेसुद्धा दारातून वाकून.

1968 च्या हिवाळ्यातली एक रात्र. माझ्या धाकट्या भावाच्या वेळी आई अडली. सुईण म्हणाली, दवाखान्यात न्या. बाबा टांगा शोधायला पळाले. मंडळी, गाडीची किल्ली आमच्याच खोलीत खुंटीला लटकत होती! आजी किल्लीकडे बघायची, मग आईकडे बघायची. बोलत मात्र नव्हती. टांगा मिळाला नाही. बाबा हात हलवत परत आले, तोवर चौकीदाराने शेठजींना उठवलं होतं. शेठजी तसेच, खांद्यावर शाल टाकून आले आणि बाबांवर ओरडले, "किल्ली तुझ्या खुंटीला अन् तू टांगा हुडकत फिरतो? अरे, अशा वेळी विचारायचं नसतं, उठवायचं असतं!"

आजीने मागच्या सीटवर आधी गोधडी अंथरली, मग आईला झोपवलं. मी पुढे, बाबांच्या शेजारी. डॉजमधला माझा तो पहिला प्रवास. जेमतेम दहा मिनिटांचा. पहाटे भाऊ झाला. आई-बाळ सुखरूप. सकाळी बाबांनी नेहमीसारखी गाडी धुतली. सीटला डागही नव्हता, तरी ती दोनदा पुसली.

पुढे दिवस बदलले. 1972-73 च्या हंगामापासून सरकारची कापूस एकाधिकार खरेदी सुरू झाली आणि खाजगी व्यापाऱ्यांचा कापसाचा धंदा बसला. 1973 च्या शेवटी अरब-इस्रायल युद्धामुळे जगभर तेल भडकलं. डॉज तर पेट्रोल पाण्यासारखं प्यायची. शेठजींनी ती इथे अमरावतीच्या एका टॅक्सीवाल्याला विकली. पोचवायला बाबा आणि मी आलो. बोरगाव मंजू, कुरणखेड, मूर्तिजापूर, बडनेरा. बाबांनी गाडी इतकी सावकाश कधीच चालवली नसेल. परतीच्या एसटीत ते मूर्तिजापूरपर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

दोनेक वर्षांनी आम्ही बडनेरा स्टेशनवर उतरलो, तर बाहेर तीच गाडी! डिझेल इंजिन बसवलेलं, रंग बदललेला, आत दहा माणसं कोंबलेली. पुढे जागा नव्हती. बाबांनी पैसे दिले आणि जन्मात पहिल्यांदा त्या गाडीच्या मागच्या सीटवर बसले, तेही माझं अर्धं वजन मांडीवर घेऊन. गियर करकरला तसे म्हणाले, "कायले ओरबाडून राह्यला, बाप्पा? हलक्या हातानं टाक." ड्रायव्हर हसून म्हणाला, "काका, तुम्हीच चालवता का?" बाबा म्हणाले, "नाही. आज मी पॅसिंजर हावो." आणि चक्क मागे रेलून बसले.

आज अमरावती-अकोला रस्ता बघा. जून 2022 मध्ये लोणी ते माना असा 75 किलोमीटरचा एकपदरी डांबरी थर 105 तास 33 मिनिटांत टाकून गिनेस विक्रम झाला. रस्ते झाले, गाड्याही झाल्या. सोसायटी झाली तेव्हा खाली मुलं क्रिकेट खेळायची. आता दर सभेत पार्किंगचाच विषय निघतो.

आता खरी गोष्ट सांगतो. मागच्या पावसाळ्यात रात्री दोन वाजता आमच्या सौ.च्या छातीत दुखायला लागलं. माझी गाडी गॅरेजला टाकलेली. खाली तुमच्या सर्वांच्या गाड्या ओळीने उभ्या होत्या. आणि मी? मी गेटबाहेर भर पावसात रिक्षा शोधत होतो. एवढ्या रात्री कोणाची बेल वाजवायची, या संकोचात पंचवीस मिनिटं गेली. शेवटी एक रिक्षा मिळाली. सौ. बऱ्या आहेत, तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. पण दवाखान्याच्या बाकावर बसल्यावर मला कळलं की, बाबांनी जे केलं तेच मी पन्नास वर्षांनी केलं होतं. तुम्ही कोणी नाही म्हटलं नसतं. मीच विचारलं नाही.

म्हणून कार्यकारिणीला एक विनंती आहे. चौकीदाराच्या खोलीत एक फळा लावा. रात्री-अपरात्री ज्यांना उठवलेलं चालेल, त्यांनी आपला फ्लॅट नंबर त्यावर लिहावा. सगळ्यात वर माझा लिहा. माझी गाडी काही डॉज नाही, पण मागच्या सीटवर एक माणूस आरामात झोपू शकतं. गोधडीही ठेवली आहे.

आणि बेल वाजवताना शेठजींचं वाक्य आठवा. अशा वेळी विचारायचं नसतं, उठवायचं असतं.