छातीत दुखू लागताच…
(वार्षिक सभेतील भाषण)



मी डॉक्टर नाही, वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. तरीही आज हृदयविकाराविषयी बोलण्याचे धाडस करतो, कारण या आजारात मोलाचा वेळ पुष्कळदा घरातच खर्ची पडतो.

हृदयाला रक्त पुरविणारी धमनी गुठळीने बंद झाली, की तेथील स्नायू मृत होऊ लागतो. गेलेला पैसा पुन्हा मिळविता येतो, मृत स्नायू पुन्हा जिवंत होत नाही. छातीच्या मध्यभागी दाब किंवा आवळल्यासारखे वाटणे, हात, जबडा वा पाठीत कळ जाणे, दरदरून घाम, धाप, मळमळ ही धोक्याची लक्षणे होत. स्त्रिया, वृद्ध व मधुमेही यांना कधी छातीत न दुखताही केवळ धाप लागते वा विलक्षण थकवा येतो. 'पित्त झाले असेल, सकाळी पाहू' असे म्हणून सोडा घेऊन पडून राहणे जिवावर बेतू शकते.

तत्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. रुग्णाला चालवू नये, त्याने स्वतः वाहन हाकू नये. रुग्णालयात पोहोचल्यापासून १० मिनिटांत ईसीजी निघावा, असा वैद्यकीय दंडक आहे. गुठळी विरघळविणारे इंजेक्शन पहिल्या १२ तासांत उपयोगी पडते. मात्र जितका उशीर, तितका त्याचा गुण कमी.

दुसरा विलंब पैशांच्या जुळवाजुळवीचा. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने २००६ मध्ये लागू झालेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयाने तातडीच्या रुग्णास त्वरित दाखल करून घ्यावे आणि अनामत रक्कम मागू नये, असे बंधन आहे. १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत, तर १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. त्याकरिता देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा होते. हा निधी अनेकदा अपुरा पडतो. तेथे देणगीदारांचे औदार्य रुग्णांच्या उपयोगी येते.

म्हणून नातेवाइकांना नम्र विनंती, की आधी रुग्णाला आणावे, शिधापत्रिका व उत्पन्नाचा दाखला मागाहून आणता येईल. आमच्या हिशेबाच्या वहीत बाकी राहिली तरी चालेल, आपल्या घरातील माणूस राहिला पाहिजे.