संगणकावरून मोबाईलचे बोलणे
(वार्षिक मेळाव्यातील भाषण)



मोबाईलवर आलेला कॉल संगणकावरून घेणे, या विषयावर चार शब्द बोलण्याची आम्हांस आज्ञा झाली आहे. विषय तरुणांचा वाटेल. परंतु शहापूर-मुरबाडकडील आपल्या घरांची स्थिती पाहता तो वडीलधाऱ्यांचाच अधिक आहे. मुले-सुना नोकरीनिमित्त कल्याण, डोंबिवली, मुंबई येथे राहतात. आईबाप गावी घर व शेती सांभाळतात. उभयतांस जोडणारा धागा म्हणजे हा मोबाईल होय.

ट्रंक कॉलचा काळ ज्यांनी पाहिला, त्यांस हे तंत्र कठीण वाटू नये. त्या काळी परगावी बोलावयाचे म्हणजे एक्स्चेंजमध्ये नंबर नोंदवून वाट पाहावी लागे. मग मधला ऑपरेटर तार जोडून देई. १९६० साली कानपूर-लखनौ दरम्यान एसटीडी सुरू झाली आणि त्या ऑपरेटरची गरज हळूहळू कमी झाली. ३१ जुलै १९९५ रोजी कलकत्त्याहून ज्योती बसू यांनी दिल्लीस सुखराम यांच्याशी मोबाईलवरून संभाषण केले व तारही सुटली. आज त्या ऑपरेटरच्या जागी संगणक येऊन बसला आहे.

मायक्रोसॉफ्ट कंपनीचे याविषयीचे साधन २०१८ साली 'युअर फोन' या नावाने निघाले. २०२२ पासून त्यास 'फोन लिंक' म्हणतात. मोबाईल व संगणक यांची ब्लूटूथने जोडणी केली की, कॉल येताच संगणकाच्या पडद्यावर नाव उमटते आणि तेथूनच तो घेता येतो. सिमकार्ड मात्र मोबाईलमध्येच राहते व कॉलही त्यातूनच जातो. ब्लूटूथचा पल्ला साधारण तीस फुटांचा. म्हणून ज्या घरात रेंज धड मिळत नाही, तेथे मोबाईल खिडकीपाशी ठेवून आतल्या खोलीत बसून बोलता येते. ज्यांस कमी ऐकू येते वा ज्यांच्या बोटांस कंप आहे, त्यांस मोठा आवाज, मोठी अक्षरे व मोठी बटणे यांचा फार आधार होतो. ॲपलच्या यंत्रांत अशी सोय २०१४ पासून आहे.

येथवर सर्व ठीक. परंतु काही मुले याच्याही पुढे जाऊन आईवडिलांचे सर्व कॉल आपल्या नंबरावर वळवून घेऊ इच्छितात. हेतू चांगला असतो, यात शंका नाही. तथापि बहिणीचा फोन भावास न येता भाच्यास जाऊ लागला, तर म्हाताऱ्या माणसाने कोणाशी बोलावे? घरात धनी असून त्याने दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी प्यावे, हे योग्य नव्हे.

शिवाय हाच मार्ग चोरांसही ठाऊक आहे. परका मनुष्य गोड बोलून एखादा कोड दाबावयास सांगतो आणि कॉल त्याच्याकडे वळतात. मग बँकेचा फोनवरून येणारा ओटीपीही त्यालाच ऐकू जातो. या कारणास्तव कोड दाबून कॉल वळविण्याची सोय १५ एप्रिल २०२४ पासून बंद ठेवण्याचा आदेश दूरसंचार विभागाने कंपन्यांस दिला होता. एनीडेस्क, टीमव्ह्यूअर ही दुरून यंत्र दुरुस्त करण्याची उपयुक्त साधने. परंतु त्यांचा नंबर परक्यास सांगणे म्हणजे तिजोरीची किल्ली देणे होय. हे शहरातले प्रकार, असे कोणी समजू नये. मुरबाड तालुक्यातील धसई हे गाव १ डिसेंबर २०१६ रोजी राज्यातील पहिले रोकडविरहित गाव म्हणून घोषित झाले. आपल्या भागातील पैसाही आता मोबाईलमधून फिरतो.

म्हणून आमची तरुणांस विनंती आहे की, गणपतीस वा दिवाळीस घरी याल, तेव्हा एक तास काढून ही जोडणी वडिलांना शेजारी बसवून, त्यांच्या संमतीने करून द्यावी. ती तोडावी कशी, हेही शिकवावे. कॉल मात्र वळवू नयेत. वडीलधाऱ्यांनी परक्याच्या सांगण्यावरून कोणतेही ॲप घेऊ नये, कोणताही कोड दाबू नये. फसवणूक झालीच, तर लाजेखातर गप्प न बसता तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे. जितका उशीर, तितका पैसा परत मिळणे दुर्घट.

यंत्र कोठेही असो, आपल्या फोनवर कोणाशी बोलावे, हे ज्याचे त्याने ठरवावे. ही मर्यादा राखून या नव्या सोयीचा आपण अवश्य लाभ घ्यावा, एवढे सांगून आम्ही आपली रजा घेतो.